सेटिंग स्पर्धा भरवताय? आधी प्रवेशिकेचं पान ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुणे, मुंबई आणि काहीजण परदेशात, असा विखुरलेला तुमचा मराठीतून रोलप्लेइंग, म्हणजे एकेका पात्राची भूमिका घेऊन मिळून गोष्ट रचण्याचा खेळ, खेळणारा गट आहे. सदस्यांनी स्वतः रचलेल्या फँटसी जगांची, म्हणजे सेटिंग्जची, स्पर्धा भरवायची आहे. बक्षीस किती ठेवावं, परीक्षक कोण असावेत, मतदान घ्यावं का आणि जिंकलेलं जग कोणाच्या मालकीचं, हे तुम्ही विचारलंय. मी अशा स्पर्धा भरवल्या आहेत, परीक्षक म्हणूनही बसलो आहे. माझं उत्तर मात्र तुमच्या यादीत नसलेल्या गोष्टीपासून सुरू होतं: प्रवेशिका म्हणून तुम्ही नेमकं काय मागणार आहात? बाकीचं बरंचसं त्यावर ठरतं.

"तुमच्या जगाचं वर्णन पाठवा" एवढंच लिहिलंत तर काय येईल ते आजच सांगतो. नकाशा येईल, त्यात उत्तरेला बर्फ आणि दक्षिणेला वाळवंट. तीन हजार वर्षांचा इतिहास, चार युगं, डझनभर देव, राजघराण्याची वंशावळ आणि आकाशात दोन चंद्र. लिहिणाऱ्याचा त्यात जीव असतो, हे मान्य. पण शनिवारी संध्याकाळी चार खेळाडू समोर येऊन बसले की खेळ चालवणाऱ्याला, म्हणजे डीएमला, त्यातलं फारसं काही कामी येत नाही. खेळाडू विचारतात, "आम्ही कोण? आणि इथं कशाला आलोय?" वंशावळीत याचं उत्तर नसतं. कादंबरीचं जग लेखक स्वतः फिरवून दाखवतो. सेटिंग दुसऱ्या कुणीतरी, लेखक हजर नसताना, खेळवायची असते. तेव्हा "हे खेळवायचं कसं" ही माहिती तुमच्या फॉर्मनेच लेखकाकडून काढून घेतली पाहिजे.

याचा सगळ्यात मोठा दाखला म्हणजे विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने २००२ साली केलेला नव्या सेटिंगचा शोध. डंजन्स अँड ड्रॅगन्स या आपल्या रोलप्लेइंग खेळासाठी एक नवं जग हवं म्हणून त्यांनी सगळ्यांना आवाहन केलं आणि ११,००० हून जास्त प्रवेशिका आल्या. इतक्या प्रवेशिका वाचणं त्यांना जमलं, कारण पहिल्या फेरीत मागितलं होतं फक्त एक पान. त्यातून ११ जण निवडले, त्यांच्याकडून दहा-दहा पानं मागवली. मग तिघं उरले, आणि त्या तिघांनी शंभरेक पानांचा सविस्तर आराखडा लिहिला. जिंकले कीथ बेकर. त्यांचं एबेरॉन हे जग २००४ साली पुस्तकरूपात आलं आणि आजही खेळलं जातं.

मला त्या आकड्यांपेक्षा त्या एका पानावरचे प्रश्न महत्त्वाचे वाटतात. जगाचं सार एका वाक्यात सांगा. नायक कोण? ते करतात काय? धोके, संघर्ष आणि खलनायक कोणते? जादूचं स्वरूप काय? आणि यात नवीन काय, वेगळं काय? नकाशा, इतिहास, देव यांतलं काहीही विचारलेलं नव्हतं. दुसराच प्रश्न नायकांचा आणि तिसरा त्यांच्या उद्योगाचा, हा क्रम मुद्दाम ठेवलेला दिसतो. "ते करतात काय" या प्रश्नापाशी निम्म्या प्रवेशिका गळून पडतात. कारण जग सुंदर असतं, पण त्यात साहसी मंडळींना करण्यासारखं काही नसतं. सगळं मोठं काम आधीच्या युगात कुणीतरी उरकून टाकलेलं असतं.

तुम्ही हेच प्रश्न थोडे बदलून घ्या. मी दोन गोष्टी वाढवेन. एक: "पहिल्या सेशनच्या पहिल्या अर्ध्या तासात काय घडतं ते लिहा." दुसरी: "तीन माणसं द्या. त्यांना काय हवंय आणि ते त्यांना का मिळत नाही, एकेका ओळीत." या दोन उत्तरांवरून लेखकाने स्वतः कधी टेबल चालवलंय का, ते लगेच कळतं. नाही चालवलं तरी हरकत नाही, पण प्रश्न समोर आला की माणूस विचार करायला लागतो. मर्यादा पानात देऊ नका, शब्दांत द्या. ६०० शब्द पुरे. पानाची मर्यादा दिली की लोक अक्षर बारीक करून, समास खाऊन हजार शब्द कोंबतात आणि परीक्षकाचे डोळे जातात. आकडेवारी, स्टॅट ब्लॉक (पात्रांच्या ताकदीचे तक्ते), नवे क्लास (पात्रांचे पेशे) पहिल्या फेरीत मागू नका. सेटिंग कोणत्याही सिस्टीममध्ये, म्हणजे कोणत्याही खेळाच्या नियमांनी, खेळवता यावी अशीच लिहायला सांगा.

एबेरॉनबद्दल आणखी एक गोष्ट परीक्षकांना दाखवण्यासारखी आहे. त्या जगात शंभर वर्षांचं युद्ध नुकतंच संपलंय. साइअर नावाचं एक अख्खं राज्य एका दिवसात उद्ध्वस्त झालंय आणि ते कशामुळे, हे मुद्दाम कुठेही अधिकृतपणे सांगितलेलं नाही. त्यांच्या दिनदर्शिकेत वर्ष ९९८ आहे आणि पुढची पुस्तकं निघाली तरी ते वर्ष पुढे सरकलं नाही. म्हणजे तह झालेला, पण राग विझलेला नाही. हेर आणि बेकार सैनिक सगळीकडे. आणि सगळ्यांत मोठ्या कोड्याचं उत्तर प्रत्येक डीएमने आपापलं ठरवायचं. चांगल्या सेटिंगमध्ये अशी मोकळी जागा असते. लेखकाने सगळंच सांगून टाकलं असेल तर खेळाडूंना शोधायला काय उरणार? परीक्षण करताना मी हे आवर्जून पाहतो: लेखकाने काय सांगायचं टाळलंय, आणि ते ठरवून टाळलंय की सुचलं नाही म्हणून.

आता वाचनाचा हिशोब. चाळीस प्रवेशिका आल्या आणि प्रत्येक ६०० शब्दांची असली तर २४,००० शब्द होतात. एक परीक्षक दोन-तीन संध्याकाळी नीट वाचू शकतो. त्याच चाळीस जणांनी दहा-दहा पानं पाठवली तर चारशे पानं झाली. ती कुणीही शेवटपर्यंत सारख्या लक्षाने वाचत नाही, मग कितीही प्रामाणिक माणूस असो. सुरुवातीच्या दहांना प्रेम मिळतं, शेवटच्या दहांना जांभया. म्हणून दोन फेऱ्या हव्यात आणि पहिली आखूड हवी. शिवाय प्रत्येक परीक्षकाला प्रवेशिका वेगवेगळ्या क्रमाने द्या. फुकटचं काम आहे, पण फरक मोठा पडतो.

नावं झाकायची का? हो, आणि कडकपणे. एका माणसाने सगळ्या प्रवेशिका स्वीकारायच्या, त्यांना क्रमांक द्यायचे, फाइलच्या आतली लेखकाची माहिती पुसायची, आणि त्या माणसाने परीक्षण करायचं नाही. आपल्याकडे याचं उत्तम उदाहरण आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाने एक कथा आली आणि पहिली आली. लेखक होते जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरं उलटी करून नाव घेतलेलं, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतलेली. तिथे स्पर्धकानेच स्वतःहून काळजी घेतली. तुमच्या गटात सगळे एकमेकांच्या टेबलावर बसलेले आहेत, दोन परिच्छेदांत शैली ओळखू येते. तेव्हा काळजी आयोजकाने घ्यायला हवी. स्पर्धकांना स्पष्ट सांगा की निकालापर्यंत आपल्या जगाबद्दल गटात चकार शब्द काढायचा नाही. एखाद्याने आपल्या चालू कॅम्पेनचंच, म्हणजे अनेक बैठकांत चाललेल्या खेळाचंच, जग पाठवलं तर ते लगेच ओळखलं जाईल. म्हणून आधी खेळवलेली जगं चालणार नाहीत, असा नियम मी तरी करेन.

परीक्षक तीन. एक असा की जो नेमाने डीएम म्हणून बसतो. एक जो फक्त खेळतो, कधीच चालवत नाही. त्याला कंटाळा पटकन येतो आणि तेच हवंय. तिसरा गटाबाहेरचा, शक्यतो मराठी मजकुराचं संपादन केलेला, दिवाळी अंकांच्या कामातून गेलेला कुणी मिळाला तर सोनं. त्याला एल्फ आणि ड्वार्फ माहीत नसले तरी चालेल. पुसट वाक्य कुठे आहे ते त्याला दिसतं.

गुणपत्रिकेत दहा रकाने करू नका. कल्पकता दहापैकी, भाषा दहापैकी, सुसंगती दहापैकी, असं करून बेरीज घेतली की सगळीकडे सात मिळवणारी, कुणालाच न खटकणारी प्रवेशिका जिंकते. जिच्यात एक भन्नाट गोष्ट आणि दोन कच्च्या आहेत, ती बाहेर जाते. सेटिंगच्या बाबतीत हे उलटं व्हायला हवं, कारण कच्चं दुसऱ्या फेरीत दुरुस्त करता येतं, भन्नाट मागून आणता येत नाही. मी एकच प्रश्न ठेवतो: हे जग पुढच्या महिन्यात स्वतःच्या टेबलावर घ्याल का? नक्की, कदाचित, नाही. शिवाय प्रत्येक परीक्षकाला एक हट्टाची निवड द्यायची. बाकी दोघांचं मत काहीही असो, ती प्रवेशिका थेट दुसऱ्या फेरीत जाते. अंतिम फेरीतल्या सगळ्यात रंजक गोष्टी बहुधा या हट्टातूनच आलेल्या असतात.

खुल्या मतदानाला माझा विरोध आहे. छोट्या गटात ते मित्र मोजण्याचं यंत्र होतं. पायझो कंपनीच्या आरपीजी सुपरस्टार स्पर्धेत पहिल्या फेरीला दोनतीनशे शब्दांत एक जादुई वस्तू लिहायची असे, आणि नंतरच्या वर्षांत मतदारापुढे दोन वस्तू बिननावाने ठेवून "यातली कोणती?" एवढंच विचारलं जाई. मतदान घ्यायचंच असेल तर तसं घ्या. निदान आपल्या माणसाचं पान शोधून त्यालाच मत देता येत नाही.

दुसरी फेरी म्हणजे खरी परीक्षा. चार किंवा पाच जणांना निवडा, सहा आठवडे द्या, आणि ३,००० शब्दांपर्यंतचं सेटिंग अधिक तीन तासांत संपेल असा एक वन-शॉट, म्हणजे एकाच बैठकीचं साहस, मागा, तयार कॅरेक्टर्ससह. मग तो वन-शॉट लेखकाने चालवायचा नाही. दुसऱ्या डीएमने फक्त लिहिलेल्या कागदावरून चालवायचा, लेखकाने ऐकत बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. लेखकांना हे फार जड जातं, काहीजण खुर्चीत अक्षरशः तळमळतात. पण लेखक स्वतः चालवायला बसला की तो कागदावर नसलेलं सगळं तोंडाने भरून काढतो, आणि तुम्ही सेटिंगऐवजी डीएमला बक्षीस देता. परीक्षकांनी दोन गोष्टी टिपायच्या. डीएमला मध्येच थांबून कागद किती वेळा चाळावा लागला? आणि खेळाडूंनी त्या जगाबद्दल आपणहून काय विचारलं? "हे लोक रात्री दिवा का लावत नाहीत?" असा प्रश्न आला तर जग लागू पडलंय. "आता कुठे जायचं?" हाच प्रश्न पुन्हा पुन्हा आला तर नाही.

एकही प्रवेशिका पहिल्या बक्षिसाच्या लायकीची वाटली नाही तर काय, हे आधीच नियमात लिहा. २०२२ साली पुरुषोत्तम करंडक कोणत्याच एकांकिकेला दिला गेला नाही, तेव्हा पुण्यात केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. परीक्षकांचा तो अधिकारच आहे, असं मला वाटतं. पण हौशी गटाच्या पहिल्याच वर्षी तो वापरलात तर दुसरं वर्ष येणार नाही. तुम्ही सरळ लिहा की बक्षीस दिलं जाईलच.

मालकीबद्दल जरा थांबून सांगतो, कारण भांडणं इथेच होतात. २००२ च्या स्पर्धेत तिन्ही अंतिम स्पर्धकांना प्रत्येकी २०,००० डॉलर मिळाले, विजेत्याला आणखी १,००,०००, आणि त्या बदल्यात ती जगं कंपनीची झाली. न जिंकलेलीसुद्धा. रिच बर्लू हे त्या तिघांपैकी एक. पुढे वेबकॉमिकमुळे त्यांचं नाव झालं, पण तेव्हा लिहिलेलं जग त्यांच्या हातात राहिलं नाही. तो व्यवहार पैसे देऊन उघडपणे झाला, त्यात गैर काही नव्हतं. पण अनेक हौशी आयोजक तीच अट, पैसे वगळून, आपल्या नियमावलीत चिकटवतात: "सर्व प्रवेशिकांचे हक्क आयोजकांकडे राहतील." हे वाक्य कुठे दिसलं तर खोडा. त्यामुळे ज्यांच्याकडे खरोखर चांगलं जग आहे ते पाठवतच नाहीत.

शिवाय कायद्यापुढे ते वाक्य तितकंसं टिकतही नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखनाचा हक्क नोंदणीशिवायच लेखकाचा असतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. लेखक म्हणून नाव लागण्याचा अधिकार हक्क विकल्यावरही राहतो. तुम्हाला खरं तर हवंय काय? सगळ्या निवडक प्रवेशिका एका पीडीएफमध्ये घालून वाटता याव्यात, एवढंच. मग तेवढीच परवानगी मागा: हक्क लेखकाचा, गटाला हे संकलन विनामूल्य प्रसिद्ध करण्याची परवानगी, लेखकाच्या नावासह. दुसरा चांगला मार्ग २००९ पासूनच्या वन पेज डंजन स्पर्धेने दाखवला. तिथे प्रवेशिका क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली येतात, श्रेय द्यायचं आणि आपलं काम त्याच अटीवर पुढे खुलं करायचं. तुमच्या गटात लोक एकमेकांच्या जगात खेळणार असतील तर हे जास्त सोयीचं. पण सक्ती नको, फॉर्मवर पर्याय ठेवा. अठरा वर्षांखालचे स्पर्धक असतील तर पालकांची लेखी संमती घ्या.

दुसऱ्या बाजूनेही मालकी पाहायला हवी. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आहेत, श्रेय देऊन ते वापरता येतात. फरगॉटन रिल्म्स किंवा एबेरॉन या कंपनीच्या जगांमधली ठिकाणं आणि पात्रं मात्र त्यात येत नाहीत. ती दिसली की प्रवेशिका परत पाठवा. उडती बेटं किंवा मेलेल्या देवाच्या हाडांवर वसलेलं शहर अशी नुसती कल्पना कुणाच्याच मालकीची नसते, त्यामुळे दोघांची बेटं उडाली म्हणून चोरीचा आरोप ऐकून घेऊ नका.

मराठी गट म्हटल्यावर सह्याद्री, गड, घाटवाटा, वेताळ, मुंजा, चकवा हे येणारच, आणि यावंत. बर्फाळ उत्तरेपेक्षा मला ते केव्हाही आवडतील. दोनच बंधनं घाला. पुजल्या जाणाऱ्या देवाला हिट पॉइंट्स, म्हणजे किती मार खाल्ल्यावर तो मरेल याचा आकडा, देऊ नका. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९८० च्या देवदेवतांच्या पुस्तकात इंद्र आणि काली आकड्यांसकट छापलेले आहेत. तेव्हा तिकडे कुणाला खटकलं नसेल, तुमच्या टेबलावर संध्याकाळ वाया जाईल. आणि एखादा समूह जन्मानेच नीच किंवा दुष्ट आहे असं रचलेलं जग आलं, तर त्या जगात त्याच्याविरुद्ध उभं राहायची वाट आहे का, हे परीक्षकांनी पाहावं. नसेल तर बाहेर.

एआयने लिहून आणलेल्या प्रवेशिका येतील. ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर कुणाला बाद करू नका, मराठीच्या बाबतीत तर मुळीच नाही. नियम लिहा की मजकूर स्वतःचा हवा, नकाशा-चित्रांना गुण नाहीत. दुसऱ्या फेरीत निवडलेल्यांशी आयोजकाने पंधरा मिनिटं बोलावं. "या शहरात मीठ कुठून येतं? कर कोण गोळा करतं? पाऊस पडला नाही तर पहिलं कोण उपाशी मरतं?" ज्याने ते जग डोक्यात वागवलंय तो थांबतच नाही, तुम्हालाच आवरतं घ्यावं लागतं.

बक्षिसाचं मी शेवटी बोलतोय कारण त्याने फार फरक पडत नाही. रोख द्यायची असेल तर घोषणेआधी रक्कम हातात हवी, "वर्गणी जमली की" असं नको. एखाद्या चित्रकाराकडून जिंकलेल्या जगाचा नीट नकाशा काढून देणं हे मला सगळ्यात छान बक्षीस वाटतं. हरलेल्यांना हवं असतं ते वेगळंच: कुणीतरी वाचलं याचा पुरावा. प्रत्येकाला चार ओळींचा अभिप्राय द्या, त्यात प्रवेशिकेतला एक तपशील नावानिशी आलाच पाहिजे.

वेळापत्रक दिवाळीनंतर सुरू करा. गणपती ते दिवाळी कुणी लिहीत नाही, आणि एप्रिल-मे परीक्षांत व आयपीएलमध्ये जातो. नोव्हेंबरअखेर घोषणा, जानेवारीअखेर मुदत. मुदतीपुढे "भारतीय वेळेनुसार" असं लिहा. बॉस्टनमध्ये जानेवारीत मध्यरात्र होते तेव्हा पुण्यात सकाळचे साडेदहा वाजलेले असतात, आणि बहुतेक प्रवेशिका शेवटच्या तासात येतात.

पहिल्या वर्षी दहाबाराच आल्या तर परीक्षक नेमायच्या भानगडीत पडू नका. गेम शेफ या खेळलेखन स्पर्धेची पद्धत उचला: प्रत्येक स्पर्धकाने इतर चौघांचं वाचून लेखी अभिप्राय द्यायचा आणि त्यातली एक पुढे पाठवायची. जो अभिप्राय देणार नाही त्याची प्रवेशिका बाद. अभिप्रायाची मुदत दोन आठवडे ठेवा आणि कोणी कोणाचं वाचायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवा.